निर्दोष ऑटोपायलट: मुंबई–गोवा सफरीतल्या एका छोट्या शिडाच्या बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोट २८ फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची, ऐंशीच्या दशकात बांधलेली. सुकाणूला चाक नाही, टिलर आहे, म्हणजे हाताने ओढायचा दांडा. पाण्याच्या रेषेवरची लांबी २३ फुटांच्या आसपास. त्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की ६.४ नॉट (ताशी सागरी मैल) येतात. अशा जड क्रूझिंग बोटीची वेगमर्यादा साधारण तिथेच असते, इंजिन कितीही फिरवा. मालक पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, आयुष्य कारखान्यात गेलेलं. यंत्रांची भीती नाही आणि यंत्रांवर आंधळा विश्वासही नाही. सोबत शाळेपासूनचा मित्र आणि मित्राची इंजिनीअरिंग शिकणारी मुलगी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून निघायचं आणि नवीन वर्ष गोव्यात, असा बेत. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आत-बाहेर.

मुंबईतल्या बहुतेक यॉटसारखी हीसुद्धा पावसाळ्यात जमिनीवर होती आणि नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर पाण्यात उतरली. उतरवताना बुडाला शेवाळ-शिंपले रोखणारा नवा अँटिफाउलिंग रंग मारलाच नाही. 'मागच्या वर्षीचा अजून दिसतोय' म्हणून तो खर्च पुढे ढकलला. मग गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या कायमच्या नांगरावर, ती तीनेक महिने जवळजवळ जागची हलली नाही. मुंबई बंदराचं कोमट, गढूळ पाणी आणि उभी बोट म्हटल्यावर बुडाखाली काय होतं हे इथल्या कुठल्याही बोटवाल्याला विचारा.

विजेची बाजू अशी होती. घरच्या इन्व्हर्टरखाली ठेवतात तसल्या जातीची एक १२० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी सगळ्या उपकरणांसाठी, इंजिन सुरू करायला वेगळी लहान बॅटरी, मागच्या रेलिंगवर १०० वॉटचं सोलर पॅनेल. उपकरणांत चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन), व्हीएचएफ रेडिओ, क्लास बी एआयएस (आसपासच्या जहाजांशी जागा-वेगाची देवाणघेवाण करणारं यंत्र), वारा-खोली-वेग दाखवणारा संच, छोटा फ्रीज आणि टिलरला जोडायचा, सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १२० पैकी हाताशी खरे ६०. हिवाळ्यात आपल्याकडे १०० वॉटचं पॅनेल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-अवर देतं. मालकांनी चोवीस तासांच्या खर्चाचा अंदाज ९० चा धरला होता: प्लॉटर २९, ऑटोपायलट २४, एआयएस आणि व्हीएचएफ मिळून १७, बाकी दिवे, फोन आणि किरकोळ. फ्रीज त्यात नव्हता, कारण 'तो फक्त इंजिन चालू असताना लावायचा' असं ठरलं होतं. तो ठराव किती टिकला ते पुढे येईलच.

निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी बंदरातच ऑटोपायलटची चाचणी घेतली. सपाट पाणी, इंजिन चालू, शिडं गुंडाळलेली. अर्धा तास त्याने बोट तलवारीसारखी सरळ नेली. चाचणी पास.

समस्या

पहाटे निघाल्यावर दुपारपर्यंत जमिनीवरून येणारा मतलई वारा, तोही मरतुकडा, म्हणून इंजिनवरच प्रवास झाला. बाराच्या सुमारास समुद्रावरून येणारा वायव्येचा खारा वारा भरला, इंजिन बंद केलं, मोठं शीड आणि जेनोआ, म्हणजे पुढचं शीड, उघडली. बोट दक्षिणेला चाललेली, वारा आणि लाटा मागच्या उजव्या कोपऱ्यातून. कोकण किनाऱ्यावर गोव्याला जाताना हेच अपेक्षित असतं. म्हणूनच जाणं सोपं आणि येणं अवघड म्हणतात.

तीनच्या सुमारास मुरुड-जंजिऱ्याच्या समोर ऑटोपायलट पहिल्यांदा बीप करून थांबला. स्क्रीन क्षणभर काळी पडली, परत उजळली, आणि सुकाणू मोकळं. बोट वाऱ्याकडे वळायला लागली. मालकांनी टिलर पकडली, पायलट पुन्हा चालू केला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. एकदा तर चार्टप्लॉटरही सोबत बंद होऊन चालू झाला.

त्यामुळे संशय सॉफ्टवेअरवर गेला. दोन उपकरणं एकदम पडतात म्हणजे त्यांना जोडणाऱ्या डेटाच्या केबलमध्येच काहीतरी, असा तर्क. मालकांनी चालत्या बोटीत पायलट फॅक्टरी रीसेट केला. त्यात होकायंत्राचं कॅलिब्रेशन पुसलं गेलं आणि बोट आता आठ-दहा अंश नागमोडी चालायला लागली. मग कॉकपिटमध्ये ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर संशय आला. टिलर पायलटचं होकायंत्र त्याच्या पोटातच असतं आणि स्पीकरमधलं चुंबक त्याला खरंच चकवतं, तेव्हा शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. स्पीकर खाली गेला. बीप चालूच.

"काका, हा वेळेवर बंद पडत नाहीये, लाटेवर बंद पडतोय," असं मुलीने संध्याकाळी म्हटलं. तिने वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून प्रत्येक वेळ टिपायला सुरुवात केली होती: घड्याळ, वाऱ्याचा वेग, प्लॉटरच्या कोपऱ्यात दिसणारं व्होल्टेज आणि 'टिलर कुठे होती'. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द होता: 'पूर्ण ओढलेली'. त्या पानाकडे कुणी नीट पाहिलं असतं तर रात्र वेगळी गेली असती. पण त्या वेळी ती नोंद आहे, एवढंच सगळ्यांना पुरलं.

रात्री वारा वायव्येकडून उत्तरेकडे सरकला आणि जोर धरून राहिला. ऑटोपायलट होकायंत्राची दिशा धरतो, वाऱ्याचा कोन नाही. त्यामुळे बोट त्याच दिशेला जात राहिली आणि वारा मात्र हळूहळू थेट पाठीमागे आला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, गुहागरच्या बाहेर, बॅटरी ११.७ व्होल्टवर असताना पायलट पुन्हा पडला. बोट लाटेवरून घसरली, वारा मोठ्या शिडाच्या मागच्या बाजूला शिरला आणि बूम, म्हणजे त्या शिडाखालचा आडवा दांडा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धाडकन फिरला. जाइब. बूमला पुढे बांधून ठेवणारा दोर, म्हणजे प्रिव्हेंटर, लावलेला नव्हता. कॉकपिटमध्ये तेव्हा सगळे बसलेले होते म्हणून डोकी वाचली. मेनशीटची, म्हणजे मोठं शीड आवरणाऱ्या दोराची, एक कप्पी फुटली आणि शिडाची दोन पट्ट्यांमधली शिवण उसवली.

पर्याय

इथून त्यांनी तिघांत आळीपाळीने हाताने टिलर धरली आणि पहाटेपर्यंत जयगडच्या बाहेर आले. अंधारात आत न शिरता उजाडेपर्यंत बाहेर थांबले. हा निर्णय मला या संपूर्ण सफरीतला सगळ्यात शहाणा वाटतो. जयगडचं बंदर खोल आहे, दिवे आहेत, पण मोठ्या जहाजांची ये-जा असते आणि आजूबाजूला मासेमारीची जाळी. थकलेल्या तीन माणसांनी रात्री ते करू नये. सकाळी किल्ल्याच्या आतल्या बाजूला नांगर पडला, आणि मला फोन आला. मी अशा बोटींचं वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स बघतो, या बोटीचं यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

मालकांच्या मनात तोवर तीन वाटा होत्या. एक, मोठ्या ताकदीचा नवा पायलट मुंबईहून मागवायचा. एका विक्रेत्याने फोनवरच 'तुमच्या बोटीला हा मॉडेल छोटा पडतो' असं सांगितलं होतं आणि किंमत लाखाच्या घरात. दोन, हाताने सुकाणू धरून गोव्यापर्यंत जायचं. तीन, बोट जयगडला सोडून कोकण रेल्वेने घरी परत. मित्राचा कल तिसऱ्याकडे होता, आणि त्याचं मला काही चुकीचं वाटत नाही. रात्रभर न झोपलेल्या माणसाने घरी जायची इच्छा धरली तर तो भित्रा ठरत नाही.

वाऱ्यावर चालणाऱ्या विंडवेनचाही विषय निघाला. विजेची गरजच नाही, वारा जेवढा जोरात तेवढी त्याची ताकद जास्त. २०१८ आणि २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, भारताचे अभिलाष टॉमी असल्याच विंडवेनच्या भरवशावर निघाले होते, कारण त्या शर्यतीत विजेवरचे ऑटोपायलट चालतच नाहीत. पण विंडवेन बसवणं हे जयगडच्या नांगरावर होणारं काम नव्हे. शिवाय या चर्चेत एक गोष्ट निसटत होती. 'सुहेली' ही ३२ फुटी बोट मुंबईतच, सागवानात बांधलेली. तिच्यावरून १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांची आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाच्या आसपास कामातून गेली. उरलेला प्रवास त्यांनी मुख्यतः शिडांचा तोल साधून बोटीलाच सरळ चालायला लावून केला. आपल्या बोटीला हे कितपत जमतं हा प्रश्न कुठलाही पायलट विकत घेण्याआधी विचारायचा असतो.

मी फोनवर दोनच गोष्टी मागितल्या. मल्टिमीटर आहे का? आणि मासे तोलायचा ताणकाटा कुठे मिळेल का?

तपासणी

मल्टिमीटर बोटीवर होता. पायलट चालू ठेवून मित्राने टिलर घट्ट धरून ठेवायची, म्हणजे पायलटला पूर्ण जोर लावावा लागेल, आणि त्याच क्षणी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं. बॅटरीच्या टोकांवर १२.१ आलं. कॉकपिटमधल्या पायलटच्या प्लगवर १०.४. म्हणजे वाटेत १.७ व्होल्ट गायब.

हा हिशोब कागदावर मांडला की गूढ राहत नाही. स्विचच्या पॅनेलपासून प्लगपर्यंत वायर सात मीटर, जाऊन-येऊन चौदा. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, कदाचित बोट बांधतानाचीच. तांब्याच्या एवढ्या वायरीचा रोध ०.१६ ओहमच्या आसपास. जोर लावताना पायलट साडेपाच अँपिअर ओढत होता; म्हणजे नुसत्या वायरीतच ०.९ व्होल्ट गेले. बाकीचे प्लग, फ्यूज आणि निगेटिव्हच्या जोडपट्टीत. प्लग उघडून पाठवलेला फोटो माझ्याकडे अजून आहे: दोन पिनांपैकी एक पितळी आणि दुसरीवर हिरवट, मिठासारखी दाणेदार पुटं; नखाने खरवडली की खाली काळं. त्या एका पिनेवर अर्धा व्होल्ट जळत होता. महत्त्वाच्या उपकरणांच्या वायरीत तीन टक्क्यांहून जास्त घट नको, असा बोटींच्या वायरिंगचा नेहमीचा दंडक आहे. १२ व्होल्टवर तीन टक्के म्हणजे ०.३६. इथे ती चौपटीहून जास्त होती. चार्टप्लॉटरला त्याच पॅनेलवरून, त्याच निगेटिव्ह पट्टीतून वीज जात होती, म्हणून तो सोबत पडायचा. डेटाची केबल धडधाकट होती.

आणि बंदरातली चाचणी? ती इंजिन चालू ठेवून घेतली होती. इंजिन चालू असताना अल्टरनेटर सव्वाचौदा व्होल्ट देतो. त्यातून दीड-पावणेदोन व्होल्ट वाटेत सांडले तरी पायलटला साडेबारा मिळतात आणि तो खूश. इंजिन बंद, बॅटरी अर्धी, शिडं भरलेली, लाट मागून, ही परिस्थिती चाचणीत आलीच नाही.

पण हे अर्धंच उत्तर. उरलेला प्रश्न असा की या आकाराच्या बोटीत पायलटला साडेपाच अँपिअर ओढायची वेळ का यावी? त्यासाठी ताणकाटा. जयगडच्या जेटीवर एका होडीवाल्याकडे मिळाला. बोट नांगरावर, शिडं खाली, पायलट काढून ठेवलेला. टिलरवर पायलट जिथे अडकतो त्या खुंटीला काट्याचा आकडा लावून हळूच ओढायचं. काटा ९ किलोवर गेल्यावर टिलर हलली. वारा नाही, वेग नाही, पाण्याचा दाब नाही, तरी ९ किलो. म्हणजे सुकाणू स्वतःच्याच खोबणीत अडकत होतं. सायकलचा ब्रेक चाकाला घासतोय आणि आपण पेडल मारणाऱ्याला दमलास म्हणून शिव्या घालतोय, तसला प्रकार.

तिसरी गोष्ट मला फोटोंवरून आणि मुलीच्या वहीवरून कळली. बोट पूर्ण मोठं शीड पसरून वाऱ्यापुढे चालली होती, आणि जेनोआ त्या शिडाच्या आडोशाला फडफडत. वारा मागून असताना मोठं शीड एका बाजूला ताणलेलं असलं की सगळी ओढ मध्यरेषेबाहेर पडते आणि बोटीचं नाक सतत वाऱ्याकडे वळायला बघतं. त्यात हे शीड जुनं, पोट मागे सरकलेलं, पिशवीसारखं. सुकाणूने सतत त्याच्याशी झगडायचं, आणि तसं दहा-बारा अंश वळवलेलं सुकाणू ब्रेकसारखंही काम करतं.

वेगाची नोंद तर सगळ्यात गमतीची. १५ नॉट वारा मागून असताना या बोटीने साडेपाच नॉट तरी द्यायला हवे. जीपीएस ४.४ दाखवत होता, आणि बुडाखालचं छोटं चक्र फिरून वेग दाखवणारा लॉग ३.१. ते चक्र शेवाळाने माखलेलं असणार हे मालकांनी बरोबर ओळखलं. पण त्यामुळे 'वेगाचे सगळेच आकडे बिघडलेत' असं गृहीत धरून जीपीएसचा ४.४ सुद्धा कुणी मनावर घेतला नाही. खरं म्हणजे लॉगच्या चक्राला जे चिकटलं होतं तेच बुडाला आणि सुकाणूला चिकटलं होतं. मंद बोटीला लाटा मागून जास्त वेळा गाठतात, दर लाटेला शेपूट ढकलतात, आणि सुकाणूवरून पाणी संथ जात असल्यामुळे तीच दिशा धरायला पायलटला टिलर जास्त ओढावी लागते. खरखरीत बूड, अडकलेलं सुकाणू, तोल गेलेली शिडं आणि बारीक वायर. या चौघांचं ओझं एका डबड्यावर होतं आणि बदलायचं ठरत होतं तेच डबडं.

केलेली कामं

जयगडला दोन दिवस गेले. मित्र रत्नागिरीला जाऊन घरगुती वायरिंगची ६ चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर घेऊन आला. ती कलई केलेली नसल्यामुळे खाऱ्या हवेत वर्षभर टिकणार नाही, पण गोव्यापर्यंत पुरे. बॅटरीजवळ फ्यूज घालून ती थेट कॉकपिटपर्यंत ओढली, जुना प्लग कापून टाकला. मालक स्वतः गॉगल लावून पाण्यात उतरले आणि पत्र्याच्या खरवडणीने सुकाणू आणि पंखा साफ केला. सुकाणूचा दांडा बुडातून आत शिरतो त्या फटीत बार्नॅकलचा, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जीवांचा, दाट थर होता. तो निघाल्यावर ताणकाटा ९ वरून ४ वर आला. पूर्ण बूड त्या गढूळ पाण्यात साफ करायचा हट्ट त्यांनी धरला नाही, हे बरं केलं.

शिवण हाताने घातली. आणि फ्रीज बंद झाला. तो दोन्ही दिवस चालू होता, इंजिन बंद असतानाही, असं तेव्हा उघड झालं. आत अर्धा किलो दही आणि बिअर होती. फ्रीजचा कंप्रेसर चालू असताना चारेक अँपिअर खातो, आणि मालकांच्या ९० च्या हिशोबात तो कुठेच नव्हता. फ्रीज आणि पायलट यांपैकी एक निवडा म्हटलं की क्रूझिंग बोटीवर वाद होतातच. मी पायलटच्या बाजूचा आहे.

पुढच्या टप्प्यात त्यांनी मोठ्या शिडाला दुसरा रीफ घातला (म्हणजे दोन टप्पे गुंडाळून ते लहान केलं), जेनोआ बांबूच्या काठीने विरुद्ध बाजूला ताणली, बूमला प्रिव्हेंटर बांधला आणि पायलटची संवेदनशीलता एक पायरी खाली आणली, म्हणजे तो प्रत्येक लाटेला उत्तर द्यायला धावणार नाही. मोकळ्या पाण्यात गोल फिरून होकायंत्राचं कॅलिब्रेशन परत केलं. शीड कमी केलं तरी जीपीएसचा वेग ४.६ राहिला. मालकांना याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. कमी शिडात बोट हळू जाईल अशी त्यांची खात्री होती.

गोव्यात मी बोटीवर गेलो. कलई केलेली वायर, नवा फ्यूजबॉक्स, नवी निगेटिव्ह पट्टी, जलरोधक प्लग आणि बॅटरीतून किती अँपिअर गेले-आले ते मोजणारा शंट, एवढं बसवलं. मांडवीत पाणबुड्याकडून बूड घासून घेतलं. लिथियम बॅटरीचा मुद्दा मालकांनी जोरात मांडला: व्होल्टेज तेराच्या वर टिकून राहतं, निम्म्याहून जास्त वापरता येते, वजन कमी. सगळं खरं. पण या इंजिनाचा अल्टरनेटर जुना आहे, आणि लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट पूर्ण जोराने खेचत राहते. मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर नसेल तर अल्टरनेटर तापून जळू शकतो. बारीक वायर असताना लिथियम बसवली असती तर पायलट चाललाही असता आणि गंजलेली पिन साडेपाच अँपिअरला तशीच तापत राहिली असती. ते काम पावसाळ्यात, सावकाश करायचं ठरलं.

परिणाम

परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध. इथे त्यांनी कोकणातली जुनी रीत धरली. पहाटे पूर्वेचा मतलई वारा असताना किनाऱ्यापासून हळूहळू बाहेर, वायव्येकडे तोंड करून समुद्रात जायचं. दुपारी खारा वारा वायव्येकडून आला की टॅक, म्हणजे वारा घ्यायची बाजू, बदलून तो डाव्या हाताला घ्यायचा आणि जवळजवळ उत्तरेला, किनाऱ्याच्या दिशेने यायचं. असं केलं की दुपारच्या वाऱ्यातही बोट बऱ्यापैकी मुंबईकडेच सरकते. जे फक्त किनाऱ्याला धरून राहतात त्यांना दुपारी समुद्राकडे तोंड करून उलट टॅक घ्यावी लागते आणि दिवस वाया जातो.

पहिला रीफ, मेनशीट थोडी सैल, मोठं शीड खालून ताणून सपाट केलेलं. या मांडणीत पायलट काढून टिलर नुसत्या दोरीने बांधली तरी बोट बराच वेळ सरळ जायची. पायलटचा सरासरी खर्च शंटवर १.१ अँपिअर दिसला. जाताना, मुलीच्या नोंदींवरून काढला तर तो अडीचच्या आसपास होता. पूर्ण जोराच्या वेळी बॅटरी आणि प्लगमधला फरक ०.३ व्होल्ट. मुंबईपर्यंत एकदाही रीसेट नाही.

सगळंच सुटलं असं मात्र नाही. पावसच्या बाहेर एका दुपारी वारा २२-२३ नॉटला गेला, लाट आखूड आणि उभी झाली, तेव्हा पायलट दिशा धरेना आणि त्यांनी हाताने टिलर घेतली. टिलर पायलटची ती मर्यादा आहे. मोठा मॉडेल आणला असता तर ती थोडी पुढे सरकली असती, संपली नसती. बुडाचं म्हणाल तर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर सपाट पाण्यात निघताना ४.३ नॉट मिळत होते, गोव्यात घासल्यावर ५.१ आणि मे महिन्यात बोट वर काढून नवा रंग दिल्यावर ५.६.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात खटकतो तो मुरुडचा निर्णय. दुपारचे तीन, पहिला बीप, हाताशी राजपुरीची खाडी, उजेड भरपूर. तिथे नांगर टाकून मल्टिमीटर लावला असता तर प्लग सापडायला तासही लागला नसता. पुढे जायचं कारण 'एकतीस तारखेला गोवा' एवढंच होतं. मालकांचं याबाबत माझ्याशी एकमत नाही: एका बीपवरून कुणी थांबत नाही, असं ते म्हणतात. मान्य. पण चार बीप झाले तेव्हाही त्याच खाडीवरचं दिघी मागे फार दूर गेलं नव्हतं आणि अंधार पडायला अवकाश होता.

दुसरं, रात्र सुरू होताना पायलटवर भरवसा उरलेला नसताना मोठं शीड तसंच ठेवणं. त्या क्षणी ते उतरवून फक्त जेनोआवर चालले असते तर वेग अर्धा नॉट कमी झाला असता आणि जाइब होऊच शकला नसता. फिरायला बूमवर शीडच नाही! वाऱ्यापुढे रात्री, कमी माणसांत, मी तरी तेच करतो. प्रिव्हेंटर हा दुसरा बंदोबस्त. पण बिथरलेल्या बोटीत तो बांधायला पुढच्या डेकवर अंधारात जावं लागतं, म्हणून तो उजेडातच बांधलेला हवा.

तिसरं, फॅक्टरी रीसेट. चालू प्रवासात, कारण ठाऊक नसताना उपकरणाची माहिती पुसायची नाही. त्यातून एका बिघाडाचे दोन झाले आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास नागमोडी चालीचं कारण शोधण्यात गेले. मुलीची वही तेव्हा टेबलावर उघडीच होती.

चाचणीबद्दल एवढंच सांगतो: मी आता ज्या बोटी बघतो त्यांची पायलटची चाचणी इंजिन बंद ठेवून, निम्मी उतरलेली बॅटरी, सगळे दिवे आणि प्लॉटर चालू, आणि कुणीतरी टिलर अडवून धरलेली, अशीच घेतो. पंधरा मिनिटं लागतात. वायर बारीक असेल तर पहिल्या मिनिटात कळतं.

सुकाणूचं बुश, म्हणजे त्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, अजून बदललेलं नाही. मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा ते नायलॉनचं निघालं. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, म्हणून बार्नॅकल काढल्यावरही काटा ४ वरच अडकला होता. फुगत नाही अशा डेलरिनचं नवं बुश कातून घ्यायला टाकलंय. ते बसलं की काटा दीड-दोन किलोपर्यंत यावा. विंडवेन घ्यायचं की नाही याचा विचार मालक त्यानंतर करणार आहेत, आणि तोवर फ्रीजचा फ्यूज मित्राच्या खिशात राहील असं ठरलंय.